पाहुणे आलेत

नोकरी निवडताना लोक पगार बघतात, मी संडास बघितला. चष्म्याच्या दुकानामागची खोली मालक मला दाखवत होते, तेव्हा ते काच घासायच्या मशीनचं कौतुक करत होते आणि मी मशीनपासून संडासाच्या दारापर्यंतचं अंतर डोळ्यांनी मोजत होते. स्टुलावरून उठून हात लांब केला की कडी लागेल, इतकं जवळ. मी लगेच हो म्हटलं. मालकांना वाटलं, बाईंना कामाची फारच आवड दिसते.

आवड नंतर लागली. नंबराची काच घ्यायची, फ्रेमच्या मापाने घासायची, कडा बोथट करायच्या, बसवायची. पुढे दुकानात लोक आरशासमोर माना वेळावतात आणि मी मागे पाण्याच्या धारेखाली काच धरून बसते. दिवसभर कोणाशी बोलावं लागत नाही. हे मला पूर्वी सुख वाटायचं.

सत्ताविसाव्या वर्षापासून माझ्या मोठ्या आतड्याला सूज आहे. आतून व्रण पडतात, मुरडा येतो, रक्त जातं. काही आठवडे असा धिंगाणा चालतो, मग औषधाने सगळं निवतं, मग पुन्हा कधीतरी सुरू. चारचौघांत सांगण्यासारखा हा आजार नाही. हृदय दुखतं म्हटलं की माणसं जवळ सरकतात, याचं नाव काढलं की खुर्ची मागे घेतात. म्हणून आईने त्याचं दुसरं नाव ठेवलं. घरात कोणी बसलेलं असताना मी सारखी उठायला लागले की ती दादाला म्हणायची, "छोटीकडे पाहुणे आलेत रे." छोटी म्हणजे मी. चोपन्नाव्या वर्षीही छोटीच. दादा लगेच समोरच्याला गप्पांत असा गुंतवायचा की मी गेले कधी आणि आले कधी, त्याला पत्ता लागू नये.

मग तो शब्द वाढत गेला. बरं वाटलं की 'पाहुणे गेले'. लांबलं की 'मुक्काम ठोकलाय'. आणि दादा विचारायचा, "हाकलायला येऊ का?" म्हणजे दवाखान्यात सोबत येऊ का. आम्ही तिघंच ही भाषा बोलायचो. वहिनीलासुद्धा आईने कधी सांगितलं नाही, आणि मीही नाही. लाज, दुसरं काय.

डॉक्टरीणबाईंनी सुरुवातीच्या वर्षांतच बजावलं होतं. सूज जुनी होत गेली की तिथे कॅन्सर धरण्याची भीती वाढते, म्हणून दर एक-दोन वर्षांनी दुर्बिणीने आतडं आतून बघून घ्यायचं. लवकर सापडलं तर बरंच काही करता येतं. तपासणीला गुंगीचं इंजेक्शन देतात, त्यामुळे घरी न्यायला सोबत कोणीतरी लागतं. दादा यायचा. माझी चप्पल, पर्स आणि चष्मा मांडीवर घेऊन बाहेर बसायचा, आणि मी डुलत डुलत बाहेर आले की म्हणायचा, "चला, सुटलीस."

आई गेली. काही वर्षांनी वहिनी गेली. दादा गोष्टी विसरायला लागला, गॅस चालू ठेवून फिरायला जायला लागला, तेव्हा त्याची मुलगी त्याला आपल्या शहरात घेऊन गेली. योग्यच केलं तिने.

त्यानंतर मी तपासणीची तारीख घ्यायला गेले, तेव्हा काउंटरवरच्या मुलीने मान वर न करता विचारलं, "सोबत कोण?"

"बघते आणि सांगते," मी म्हटलं.

चार वर्षं बघत होते. कोणाला सांगणार? मालकांना? की माझी चप्पल मांडीवर घेऊन बसा? शेजारीण मनाने चांगली आहे, पण तिला काही सांगणं म्हणजे गच्चीवर भोंगा लावणं. पुतणीला नोकरी, दोन मुलं आणि आता बाप. मी मनात एकेकाचं नाव घ्यायचे आणि खोडायचे. शेवटी नावंच संपली.

मध्येच रक्त दिसायला लागलं. दुसरं कोणी असतं तर त्याच दिवशी डॉक्टरकडे पळत सुटलं असतं. मला रक्ताची सवय होती. पाहुणे आलेत, मी स्वतःशीच म्हटलं, आणि जुनी औषधं सुरू केली. चोर पाहुण्याच्या वेशात घरात शिरला आणि मी त्याला पाणी विचारलं.

दुकानाच्या पायऱ्या चढताना दम लागायला लागला. एकदा मालकच म्हणाले, "बाई, तुमचा चेहरा कागदासारखा दिसतोय. उद्या येऊ नका, डॉक्टरकडे जा." मी गेले. रक्त तपासलं, फारच कमी भरलं. डॉक्टरीणबाईंनी माझी मागची तारीख बघितली.

"चार वर्षं कुठे होता?"

"सोबत नव्हती."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "अहो, गुंगीशिवायही करता येते ही तपासणी. त्रास होतो जरा, पण येते करता. मग सोबत लागत नाही."

मला इतका राग आला की कानशिलं तापली. त्यांचा आला, त्या काउंटरवरच्या मुलीचा आला, आणि घरी पोचेपर्यंत सगळा राग फिरून माझ्याकडेच आला. चार वर्षांत हे मला कोणी सांगितलं नाही, कारण मी कोणाला विचारलंच नाही.

तपासणी गुंगीशिवाय झाली. कुशीवर पडून मी पडद्यावर स्वतःचं आतडं बघत होते. नर्स माझ्या खांद्यावर हात ठेवून तिच्या घरच्या गळक्या नळाची कथा सांगत होती. प्लंबर तीनदा येऊन गेला होता आणि नळ पहिल्यापेक्षा जास्त गळत होता. मी दात आवळून हसत होते. मग एका वळणावर दुर्बीण थांबली. पडद्यावर एक खडबडीत चट्टा होता, कडा उचललेल्या. नर्सचा नळ तिथेच बंद झाला. काचेतला दोष हुडकण्यात माझं आयुष्य गेलं, तेव्हा तेवढं मला कळलं. कपडे घालून मी घरी चालत गेले. शुद्धीत होते ना.

रिपोर्ट आला. कॅन्सर. डॉक्टरीणबाई स्वच्छ बोलल्या. मोठं आतडं सगळंच काढायचं, पोटावर शौचाची पिशवी येणार.

"आणि पुढे?" मी विचारलं.

"तुमच्यासारखा जुना आजार असलेल्यांमध्ये निकाल सरासरीने जरा वाईट दिसतो," त्या म्हणाल्या. "बऱ्याचदा उशिरा सापडतो म्हणून. लक्षणं तीच, त्यामुळे कोणाच्या लक्षात येत नाही. नियमित तपासणीत सापडलेल्यांचं चांगलं जातं. तुम्ही दोन्हींच्या मधे कुठेतरी आहात."

"सरासरी नंबराचा चष्मा मी आजवर कोणाला बसवला नाही," मी म्हटलं. "माझा नंबर सांगा."

त्या हसल्या. "तुमचा नंबर काढायला आधी उघडून बघावं लागेल. बाजूच्या लहान गाठींपर्यंत पोचलाय का, त्यावर सगळं आहे. ते ऑपरेशननंतरच कळेल." मग पुन्हा गंभीर होऊन म्हणाल्या, "या वेळी मात्र सोबत हवीच. सहीला, आणि नंतर काही दिवस घरी."

काउंटरवर तीच मुलगी होती. "सोबत कोण?" मी म्हटलं, बघते. ती म्हणाली, "पैसे देऊन बाई मिळते मावशी, नंबर देऊ?" मी नंबर घेतला. पोरीने चांगल्या मनाने दिला होता, पण तो कागद पर्समध्ये टाकताना मला फार एकटं वाटलं. आयुष्यभर माणसांपासून लपत राहिले, आणि आता माणूस भाड्याने आणायची वेळ आली.

घरी आल्यावर दादाला फोन लावला. पुतणीने उचलून त्याच्या हातात दिला.

"दादा, पाहुणे आलेत."

"कोण पाहुणे?" त्याने विचारलं.

"नेहमीचे नाहीत," मी म्हटलं. "या वेळी मुक्कामाला आलेत."

"हो का? मग जेवायला काय केलंस?"

"मऊ भात."

"छान, छान," तो म्हणाला आणि फोन पुतणीकडे दिला. ती घाईत होती, मागे मुलांचं भांडण चाललं होतं. "आत्या, घरी माणसं आहेत का? मग तू बघ त्यांचं, आपण नंतर बोलू."

फोन ठेवला आणि रडले. कॅन्सरचं कळलं तेव्हा रडले नव्हते. ती भाषा बोलणारी मी आता एकटीच उरले होते, आणि एकटीची भाषा म्हणजे निव्वळ पुटपुटणं. मी भाताची भांडी घासली, ओटा पुसला, आणि भाड्याच्या बाईला उद्या फोन करू असं ठरवलं. उद्या केला नाही. परवाही केला नाही.

मालकांना सुट्टी मागितली. कशासाठी ते विचारलं नाही त्यांनी, मीही सांगितलं नाही. त्यांनी फक्त कामं दुसरीकडे पाठवायला सुरुवात केली आणि माझ्या स्टुलावर एक उशी आणून ठेवली.

ऑपरेशनच्या आदल्या आठवड्यात मशीनवर असताना पुतणीचा फोन आला. मशीनच्या आवाजात मला आधी ऐकूच येईना.

"आत्या, तुझे पाहुणे गेले का गं एकदाचे?"

"का?"

"बाबांनी नुसता वात आणलाय. तुझा फोन आल्यापासून रोज उठले की बूट घालतात आणि दारात खुर्ची टाकून बसतात. कुठे निघालात म्हटलं की म्हणतात, छोटीकडे पाहुणे आलेत, हाकलायला जायचंय. मी म्हटलं, बाबा, पाहुण्यांना असं हाकलतात का? तर माझ्यावरच चिडले. आत्या, ते मला माझ्या नावाने हाक मारत नाहीत आता. कधी ताई म्हणतात, कधी अहो बाई म्हणतात. आणि हे एक विसरत नाहीत. कोण आलंय गं तुझ्याकडे एवढं?"

मी मशीन बंद केलं. हातातली काच फडक्यावर ठेवली. सत्तावीस वर्षं जे आडून सांगितलं, ते सरळ सांगायला जीभ वळेना.

"मला आतड्याचा कॅन्सर झालाय," मी म्हटलं. "पुढच्या आठवड्यात ऑपरेशन आहे. पाहुणे म्हणजे माझं दुखणं. तुझ्या बाबाला माहीत आहे."

मुलांचा आवाज थांबला, बहुतेक ती दुसऱ्या खोलीत गेली होती. मग म्हणाली, "मला सांगायचंस ना, आत्या."

"कसं सांगतात ते माहीत नव्हतं."

"आम्ही येतो," ती म्हणाली.

दवाखान्यात काउंटरवरच्या मुलीने या वेळी मान वर केली. "सोबत कोण, मावशी?"

"भाऊ," मी म्हटलं.

तिने दादाकडे बघितलं. तो बूट घालून, शर्टाची गुंडी चुकीच्या काजात अडकवून, भिंतीवरचं घड्याळ वाचत उभा होता. मग तिने पुतणीकडे बघितलं आणि सहीचा कागद तिच्यापुढे सरकवला. ते बरोबरच होतं. सहीला पुतणी. पण आत नेण्याआधी मी चप्पल काढली तेव्हा दादाने न सांगता ती उचलली, पर्स घेतली, माझ्या नाकावरचा चष्मा स्वतःच काढून घेतला आणि सगळं मांडीवर घेऊन बसला.

ऑपरेशन पार पडलं. आतडं गेलं, पिशवी आली. पिशवीचं सांगण्यासारखं काही नाही, फक्त एवढंच की आता संडासाची कडी कुठे आहे ते बघत बसावं लागत नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दिसत होतं तेवढं सगळं काढलंय, बाजूच्या गाठींचा रिपोर्ट यायचाय, माझा नंबर त्यात असेल. मी म्हटलं, बरं. भीती वाटते. पुतणी बाजूला झोपते, तिलाही वाटत असणार, आणि ते आम्ही एकमेकींना सांगितलंय.

दादा खाटेसमोर, दाराला लागून बसतो. थोड्या थोड्या वेळाने विचारतो, "पाहुणे गेले का?" उत्तर दिलं की समाधानाने मान हलवतो आणि विसरतो, मग पुन्हा विचारतो. पहिल्या दिवशी मी "गेले" म्हणत होते. मग मला ते खोटं वाटायला लागलं.

"बाहेर काढलंय त्यांना," मी म्हटलं. "पुन्हा येतात का, ते अजून माहीत नाही."

त्याने यावर विचार केला. माझा चष्मा त्याच्या मांडीवरच होता, तो त्याने शर्टाच्या टोकाने पुसला.

"दादा, बूट तरी काढ आता," मी म्हटलं. "पाय सुजले असतील."

"नको," तो म्हणाला. "आले तर?"