आप्पांचं उपरणं

टाकी वाफेने धुऊन झाली आणि आप्पा तिच्यापाशी गुणगुणत बसले. एकादशी होती. संध्याकाळी देवळात कीर्तन, आणि झांजा आप्पांच्या हाती. म्हणून उपरणंही सकाळीच धुतलेलं. उद्या टाकीत सोयापीठ नि गूळ कालवायचा आणि दिशाचं विरजण सोडायचं. दिशा, कारखान्याची मालकीण, त्याला जिवाणू म्हणे. मिरकरवाड्याच्या बंदरात कोलंबीच्या सालपटांखालच्या चिखलातून तिनेच ते शोधले होते. दोन दिवस टाकीत आंबले की ते असं एन्झाइम सोडत, की कापडावरचा रक्ताचा डागही विरून जाई. साबणवाले त्याचीच वाट बघत.

"चार वर्षं घातलीत हो यात," ती म्हणायची. "हे मेलं, तर मी संपले."

त्याच्या तीनच नळ्या उरल्या होत्या, फ्रीजमध्ये.

फ्रीजचं दार धाडकन आपटलं. दिशाचा चुलतभाऊ दीपक पाना घेऊन उभा होता. दारू पिऊन कामावर आला म्हणून तिने त्याला गेल्या आठवड्यात काढलं होतं.

"दादा, थांब!" दिशा आतून धावत येऊन मध्ये पडली.

त्याने तिला टेबलावर भिरकावलं. कपाळ फुटलं. दोन नळ्यांचा त्याने चुरा केला. तिसरी आप्पांनी झडप घालून मुठीत धरली.

"सोड म्हाताऱ्या!"

"नाय सोडत, मेल्या!"

पाना मुठीवर बसला. हाड मोडलं, काच तळव्यात घुसली. आप्पांनी मूठ उपरण्यात गुंडाळून पोटाशी दाबली. बरगडीत लाथ बसली, तोंडात रक्त आलं. कीर्तनात प्रल्हादाला कड्यावरून लोटलं की ते दर वर्षी रडत. आता प्रल्हाद आठवला नाही, देवही नाही. मूठ उघडायची नाही, एवढंच.

शेगडीवर पाण्याचं पातेलं उकळत होतं. दीपकने ते उचललं. "विरजणावर कढत पाणी घातलं तर काय होतं, आप्पा? घरी काशीकाकूला विचारलंस कधी?"

आणि ते त्याने मुठीवर ओतलं.

आप्पांची किंकाळी फाटकापर्यंत गेली. राखणदार सखाराम सोटा घेऊन धावला. पहिल्या घावात दीपक गुडघ्यावर आला, दुसऱ्यात त्याचा जबडा तुटला. दात लादीवर घरंगळले.

"पुरे, सखाराम! मरेल तो!" दिशा ओरडली.

इस्पितळात आप्पा रडले ते हातासाठी नव्हे. "गेलं गो पोरी. कढवलंन मेल्याने."

"उपरणं कुठाय?"

रक्ताने आणि फुटल्या नळीतल्या विरजणाने कडक झालेलं ते उपरणं ती पिशवीत घालून घेऊन गेली.

तिसऱ्या दिवशी ती कपाळाला पट्टी बांधून आली. हातात झाकण लावलेली काचेची बशी होती. दूध घातलेल्या पांढऱ्या थरावर बारीक ठिपके, आणि प्रत्येकाभोवती एन्झाइमने दूध विरवून केलेलं, आरपार दिसणारं कडं.

"हे दह्यातल्यासारखे नाजूक नव्हेत, आप्पा. कढत पाण्यात बाकीचे जंतू मेले, हे कवच घेऊन निजले होते. खायला दिलं, उठले."

आप्पांची दोन बोटं गेली होती. डाव्या हाताने त्यांनी बशी कपाळाला लावली. बराच वेळ तशीच धरली.

"दीपक?"

"पोलिसांच्या पहाऱ्यात, खालच्या मजल्यावर. जबडा तारेने बांधलाय."

"म्हणजे चावता येत नसेल. पेज नेऊन दिलीत काय कुणी?"

दिशाने बशी परत घेतली. "मी नाय देणार."

"बरं," आप्पा म्हणाले. "मग काशी घरून माझी पेज घेऊन येईल, तेव्हा तिला सांगतो. तांब्याभर जास्त घाल म्हणून."