शिल्लक राहिलेलं नाव

बारक्याचा धंदा वजनकाटे दुरुस्त करण्याचा. दुरुस्त झालेल्या काट्यावर स्वतः उभा राहून खात्री करायची त्याची सवय अलीकडे त्यानं सोडली होती, कारण काटे पुन्हा बिघडत. साठी उलटली, केस गेले, पोट आलं, तरी गल्लीच्या लेखी तो बारक्याच.

खरं नाव नव्हतं असं नाही. ते आजोबांचं होतं आणि त्याचा अर्थ ‘जो कधीच हरत नाही तो’. आजोबा कोर्टात हरले, पत्त्यांत हरले आणि आजीपुढे तर रोजच. आडनावाची कथा त्याहून भारी. कुणी पूर्वज म्हणे बुरुजावर उभा राहून लांबूनच शत्रू ओळखायचा. आता अख्ख्या घराण्याला जाड भिंगांचे चष्मे आहेत आणि दारात उभा असलेला जावई ओळखू येत नाही.

नातवाला आजोबांचंच नाव, हा आजीचा हट्ट. तो पुरा झाला आणि पोर रांगायला लागलं. एके दिवशी आईनं मागच्या दारातून ते नाव घेऊन आवाज दिला, “माती खातोस, माकडा? थांब, बडवतेच तुला!” आतल्या खोलीत आजोबा चहाचा कप खाली ठेवून उभे राहिले. तेव्हापासून बारक्या.

आता त्याच्या मुलीला दिवस गेले होते. तिचा फोन आला. “बाबा, नाव तुम्ही सुचवायचं. अर्थ चांगला हवा. आणि कुणाचं वापरलेलं नको हां!”

त्याच दुपारी आत्या स्वयंपाकघरातला वजनकाटा घेऊन दुकानात आल्या. हा काटा त्यांच्याविरुद्ध कट करतो, अशी त्यांची तक्रार होती. नावाचा विषय निघताच म्हणाल्या, “अरे, तुझ्या आईला विचार. तुझ्यासाठी तिनं एक नाव मनात धरलं होतं. आमच्या आईनं उच्चारूसुद्धा दिलं नाही बिचारीला.”

“कुठलं?”

“ते मला ठाऊक असतं तर अख्ख्या गल्लीला नसतं का?”

बारक्यानं भर दुपारी दुकान बंद केलं. जन्मभर दुसऱ्याचा कोट घालून फिरावं आणि म्हातारपणी कळावं, की आपल्या मापाचा एक शिवून ठेवला होता, तसं त्याला झालं.

आई मागच्या दाराशी वेताच्या खुर्चीत मटार सोलत बसली होती.

“आई, माझ्यासाठी तू एक नाव ठरवलं होतंस?”

“आत्या भेटली वाटतं. तिच्या तोंडात तीळ भिजायचा नाही.”

“कुठलं होतं?”

“आता काय करायचंय? देऊन टाकलं मी ते. शिल्लक राहिलं होतं, वाया कशाला घालवायचं?”

“कुणाला दिलंस?”

आईनं नाव सांगितलं आणि बारक्या मटकन पायरीवर बसला. ते तर त्याच्या लहानपणी घरात असलेल्या कुत्र्याचं नाव! गल्ली हसायची. “एवढं भारदस्त नाव! शाळेत घालणार का याला?” असं दूधवाला रोज विचारायचा. संध्याकाळी आई याच दारातून ते नाव लांबवून हाक मारायची आणि कुत्रं असेल तिथून उधळत यायचं. बारक्याला मात्र “ए बारक्या, मेलास का तिकडे?” अशी हाक. आईचा तो कुत्र्यासाठी राखलेला आवाज त्याला फार झोंबायचा. आई माहेरी गेलेली बघून त्यानं कुत्रं एका ट्रकवाल्याला देऊन टाकलं आणि ती आल्यावर सांगितलं, पळून गेलं.

“ट्रकवाला तरी बरा होता का रे?” आईनं शेंगेवरची नजर न काढता विचारलं.

“तुला माहीत होतं?”

“तू खोटं बोललास की तुझे कान लाल होतात. अजूनही.”

“मग कुत्रं गेल्यावरही दारात उभी राहून इतके दिवस हाका का मारायचीस?”

“तोंडात बसलं होतं नाव. काय करू?”

बारक्यानं एक शेंग उचलून सोलली. मग एवढा थोरला बारक्या हळूच म्हणाला, “मला हाक मार ना एकदा. त्या नावानं.”

“वेडा आहेस का?” आई हसली. पण मटार बाजूला ठेवून तिनं घसा साफ केला आणि हाक मारली. तोच लांबवलेला आवाज, थोडा फाटलेला. नजर मागच्या दाराबाहेर. हात आपसूक खुर्चीच्या कडेला खाली गेला आणि बोटं हवेत हलली, कुणाचे तरी कान खाजवावेत तशी.

बारक्या तिथंच, त्या हातापासून वीतभर अंतरावर बसला होता. सरकायचं मनात आलं, पण सरकला नाही.

तेवढ्यात मुलीचा फोन. “बाबा, मिळालं का नाव?”

“मिळालं गं,” तो म्हणाला. “पण दुसरं बघू. ते अजून वापरात आहे.”