कवळा पाला

नाथाजीनं कोयत्याच्या टोकानं हिवराची साल खरवडली. खाली हिरवं असायला हवं होतं. तपकिरी निघालं. खोडाच्या पलीकडच्या अंगाला जाऊन, हात पुरेल तितक्या उंचावर त्यानं पुन्हा खरवडलं. तिथंही तेच. करपलेल्या भाकरीच्या पापुद्र्यासारखी साल सुटून त्याच्या पायावर पडली.

"आवं, किती येळा बघशीला?" दगडाबाई विहिरीच्या काठावर घागर टेकवून उभी होती. "रोज सोलून सोलूनच मारशीला त्याला."

"आत ओल असंल. आपला ऐन न्हवता व्हय असाच दिसत? मिरग निघाला की बुडापासनं शेंड्यापातूर फुटायचा."

"ह्यो ऐन न्हवं."

हिवर नागडा उभा होता. होळी झाल्यावर त्यानं स्वतः वर चढून एकेक फांदी उतरवली होती. वैशाखात त्या फांद्या बुंध्याभोवती पसरल्या, वर शेण आणि माती टाकली आणि पेटवून दिल्या. मागं सोडलेल्या त्यांच्या खोऱ्यात असंच करत. जमीन अशी भाजायची, तिच्यात नाचणीचं रोप टाकायचं, पाऊस लागला की उपटून लावायचं. त्याला राब म्हणायचं. बापानं केलं, आज्यानं केलं. झाडं दरसाल बोडकी व्हायची आणि दरसाल भरायची. माणसानं मागावं आणि रानानं द्यावं, एवढा साधा व्यवहार होता.

इथं आटपाडीच्या माळावर तो व्यवहार कुणाला ठाऊक नव्हता. इथं बाजरी पाभरीनं पेरतात. नाथाजीचा राब बघून वाटेनं जाणारे लोक हसत गेले होते.

"आला," दगडाबाई म्हणाली.

मावळतीकडं धुरळा उठला होता. बिराप्पा धनगर दिवाळीनंतर कळप घेऊन खोऱ्याकडं गेला होता, तो परत येत होता. विहीर त्याची. हिवरही त्याचा.

धरणासाठी उठवलेल्या लोकांना सरकारनं गेल्या साली ट्रकात घालून इथं आणून सोडलं. जनावरं वेगळ्या ट्रकात, माणसं वेगळ्या ट्रकात, देव कुणाच्या तरी मांडीवर. कराड मागं पडलं तोवर रस्त्याला आंबे होते, वड होते. मग बाभळी आल्या. मग बोरी. ट्रक जसा उगवतीला चालला तशी झाडं बुटकी होत गेली आणि शेवटी माणसाच्या गुडघ्याएवढा तरवड तेवढा उरला. "आता हितनं फुडं झाडं जमिनीखालीच असतील," असं कुणीतरी म्हणालं आणि सगळा ट्रक हसला. ते शेवटचं हसणं. सरकारी विहीर खडक लागेपर्यंत खणली गेली, मग खणणारे गेले ते गेलेच.

तेव्हा बिराप्पानं आपली विहीर दिली. त्याला कारण होतं. पिढ्यान् पिढ्या त्याचा कळप नाथाजीच्या भातखाचरात बसायचा. मेंढरांच्या लेंड्यांनी जमीन खतावायची, धनगराला धान्य मिळायचं. माळावर अनोळखी मुलखात ट्रकातून उतरल्यावर नाथाजीला ओळखीचा चेहरा दिसला तो या म्हाताऱ्याचा.

जाताना म्हातारा म्हणाला होता, "लागला तर हिवराचा पाला घे शेरडांस्नी."

कळप जवळ आला. बिराप्पा पुढं होता, खांद्यावर घोंगडं, हातात काठी. दगडाबाईनं पदर सावरला.

"लई अंगावर आल्यात की मेंढरं, मामा! यंदा आमच्या खोऱ्यानं चांगलं खाऊ घातलं म्हणायचं."

बिराप्पा वर बघत होता. हिवराच्या शेंड्यापासून बुंध्यापर्यंत नजर खाली आली, जळक्या मातीवर थांबली.

"कुणी केलं?"

"म्या," नाथाजी म्हणाला.

"पाला घे म्हणलो हुतो. झाड घे म्हणलो न्हवतो."

"फुटंल, मामा. आमच्याकडं दरसाल—"

"तुमच्याकडं!" काठी जमिनीवर आपटली. "तुमच्याकडं आभाळ फाटतंय. हितं पाऊस पावण्यावानी येतो, पाणी प्यायला बी थांबत न्हाई. माझ्या बापानं ह्याचं एकच अंग छाटलं, तीन अंगं ठिवली. दुसऱ्या साली दुसरं अंग. तू चारी अंगं घेतलीस, आन् बुडात जाळ लावलास. कशापायी?"

"राब भाजला."

"कशाचा?"

"नाचणीचा."

"नाचणीचा!" म्हातारा हसल्यासारखा झाला, पण हसला नाही. "ह्या मुरमात? अरं गड्या, एवढ्या माळाला सावली ती एवढीच हुती. मेंढ्या व्यायच्या हितं. माझी लेक चंद्रा हितंच जलमली."

नाथाजी कोयत्याच्या मुठीकडं बघत राहिला.

"उद्यापासनं हिरीवर यायचं न्हाई," बिराप्पा म्हणाला. "तू न्हाई आन् तुझ्या वस्तीचं कुणी बी न्हाई. सरकारनं आणलंय, सरकारनं पाजावं."

दुसरं पाणी ओढ्याच्या झऱ्याचं. दीड कोस, तेही मातीतून वाटीनं भरून घ्यायचं. दगडाबाईनं चुंबळ डोक्यावर ठेवली, घागर उचलायला वाकली आणि तशीच थांबली.

"मामा, ही भरल्याली तरी न्यू, का हितंच वतू?"

बिराप्पा तिच्याकडं बघेना.

यावर नाथाजीनं हातापाया पडायला हवं होतं. वस्तीतल्या पोराबाळांची नावं घ्यायला हवी होती. पण त्याच्या पोटात भलतंच होतं. दिवाळीपासून तो या माणसाची वाट बघत होता, आणि ती काही पाण्यासाठी नव्हे.

"मामा, आमच्या खोऱ्यात गेला हुतासा?"

"गेलो हुतो."

"खाचरं?"

"पाण्यात. गाव पाण्यात, देऊळ पाण्यात. देवळाम्होरची जांभळं तेवढी वर आल्यात. वाळकी. त्यांच्यावर बगळं बसत्यात."

"मग मेंढरं कुठं बसवली?"

"वर गेलो. डोंगराला."

"रानात?" नाथाजीनं मान वर केली. "तुमची मेंढरं रानात कवा शिरली न्हाईत."

ते खरंच होतं. भातखाचर संपलं की ऐन-किंजळीचं रान लागायचं, आणि त्याच्या वर जांभूळ, हिरडा, अंजन यांचं काळं रान. तिथं भर दुपारी कंदील लावावा असा अंधार. बारा महिने पायाखाली ओला पाचोळा, पोटऱ्यांना जळवा, आणि कुठूनतरी पाणी झिरपल्याचा आवाज. तो आवाज नाथाजीला इथं झोपेत ऐकू यायचा. रानाच्या कडेला आली की मेंढरं पाय रोवून उभी राहायची. माळाचं जनावर, त्याला अंधार सोसत नाही.

"आता रान कुठं हाय?" बिराप्पा म्हणाला.

रान कुठं गेलं ते नाथाजीला विचारायचं कारण नव्हतं. पाणी जिथवर चढणार तिथवर चुन्याच्या खुणा होत्या. बुडणारच आहे, तोडून घ्या, असा हुकूम. ठेकेदारानं खुणेखालचं रान तोडलं आणि मग खुणेवरचे दोन डोंगरही तोडले. कोळशाच्या भट्ट्या दोन उन्हाळे जळत होत्या, ट्रक कराडकडं धावत होते. शहरातल्या शेगड्यांना खुणेवरचा कोळसा कोणता आणि खालचा कोणता हे कळत नाही. कुणी अडवलं नाही. अडवणार कोण? ज्यांचं रान, तेच ठेकेदाराच्या रोजावर कुऱ्हाड धरून उभे होते. नाथाजी त्यांच्यात होता.

फक्त त्यानं एक केलं होतं. प्रत्येक खोड त्यानं तिरपं तोडलं होतं. सपाट तोडलं की वर पाणी साचतं, खोड कुजतं. तिरपं तोडलं की पाणी ओघळतं, बुडातून कोंब येतात. मुकादम शिव्या घालायचा, वेळ खातोस म्हणून. तरी तो तिरपंच तोडत राहिला. गाव बुडालं, शेत बुडालं, पण वरचं रान परत उभं राहील, हे एवढंच त्यानं ट्रकातून बरोबर आणलं होतं.

"मामा," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज पोराचा झाला. "खोडं फुटली का हो?"

बिराप्पानं घोंगडं एका खांद्यावरून दुसऱ्यावर घेतलं.

"फुटली हुती."

"सगळी?"

"सगळी. जांभळं, हिरडं, ऐन. हातहातभर. तांबूस पाला... लई कवळा."

"म्हणलं न्हवतं म्या!" नाथाजी बायकोकडं वळला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि त्याला त्याचं भान नव्हतं. "तिरपा घाव हुता माझा, तिरपा! मामा, मग आता केवढाली झाली असतील? माणसाएवढी?"

बिराप्पा काठीच्या टोकानं माती उकरू लागला.

दगडाबाईनं मेंढरांकडं बघितलं. दरसाल ती खोऱ्यातून निघत तेव्हा पाठीची हाडं मोजून घ्यावीत. यंदा पाठी गोल होत्या. लोकरीवर तेल लावल्यासारखी चकाकी होती. कोकरं गुबगुबीत. तिनं मेंढरांवरून नजर उचलली आणि म्हाताऱ्याकडं बघितलं. म्हाताऱ्यानं तिला बघताना बघितलं, आणि मान खाली घातली.

"झाली असतील की," दगडाबाई नवऱ्याला म्हणाली. "माणसाएवढी."

बिराप्पा विहिरीकडं गेला. त्यानं पोहरा स्वतः आत सोडला, स्वतः ओढला. शेजारी दगडाबाईची दुसरी घागर रिकामी पडली होती. ती त्यानं गळ्यापर्यंत भरली.

"उद्या येरवाळी येत जा, पोरी," तो पोहऱ्याकडं बघत म्हणाला. "दुपारी मेंढरांची गर्दी असती. वस्तीला बी सांग."

नाथाजीला वाटलं, खोऱ्याच्या नावानं म्हातारा निवळला.

"हिवर बी फुटंल, मामा. बघशीला तुमी."

"फुटंल," बिराप्पा म्हणाला.

तोवर कळप हिवराखाली गेला होता. दरसाल परत आल्यावर मेंढरं आधी तिथंच बसत. ऊन डोक्यावर होतं, जमीन काळी आणि तापलेली. तरी ती जुन्या सावलीच्या जागेवर, तेवढ्याच गोल जागेत, एकमेकांना खेटून उभी राहिली. मग त्यांतल्या एकेकानं मान खाली घातली आणि दुसऱ्याच्या पोटाखालच्या सावलीत डोकं खुपसलं.