सकाळची हजेरी

"ताई, या शहरात एवढ्या स्वस्तात खोली? कुठंतरी पाणी मुरतंय," भाऊ म्हणाला. गादीची गुंडाळी खांद्यावरून उतरवून तो तिसऱ्या मजल्यावरच्या त्या खोलीत धापा टाकत उभा होता.

"मुरू दे. छत गळत नाही ना, तेवढं बघ."

त्याने खरंच छताकडे बघितलं. मग भिंतींकडे. भिंतींना नवा रंग होता आणि खिडकीजवळ, पलंग मावेल एवढ्या जागेतल्या फरश्या बाकीच्यांपेक्षा उजळ होत्या. बुटाच्या टोकाने त्याने तिथे टकटक केलं. मित्राकडून मागून आणलेली गाडी त्याला संध्याकाळपर्यंत परत करायची होती. निघताना जिन्यातून ओरडून म्हणाला, "रोज फोन करत जा. रोज!"

ती चष्म्याच्या काचा घासून चौकटीत बसवायची. गावातल्या एकाच दुकानात सव्वीस वर्षं हे काम केलं. दुकान बंद पडलं तेव्हा ती एक्कावन्न वर्षांची होती, आणि या वयात नवं काम मिळेल असं तिलाही वाटत नव्हतं. पण शहरातल्या एका मोठ्या कारखान्याने बोलावलं. नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती. त्याची गाडी विकून तिने खोलीची अनामत भरली. बस रोज परवडणारी नव्हती, म्हणून शहराच्या नकाशावर कारखान्याच्या जागी कंपासचं टोक रोवून तिने एक वर्तुळ काढलं. चाळीस मिनिटं चालून पोचता येईल एवढं. त्या वर्तुळात घेता येण्यासारखी खोली एकच निघाली.

"आधी कोण राहत होतं इथं?" चावी घेताना तिने मालकीणबाईंना विचारलं होतं.

"एक मास्तर होते. गणिताच्या शिकवण्या घ्यायचे. गेले."

कुठे गेले, हे तिने विचारलं नाही. मालकीणबाईंनीही सांगितलं नाही. फक्त म्हणाल्या, "खिडकी जरा उघडी ठेवत जा. हवा खेळती राहिलेली बरी."

पहिल्या रविवारी तिने जुन्या सामानाच्या दुकानातून एक खुर्ची घेतली. दुकानदाराने विचारलं, "गाडी कुठं लावलीये?"

"गाडी नाही."

"मग टेम्पो सांगू?"

"दोन हात आहेत की."

दुकानापासून घर तीन चौक लांब. हात भरून आले की ती खुर्ची फुटपाथवर ठेवायची आणि तिच्यावरच बसायची. येणारे-जाणारे बघायचे. एका म्हाताऱ्या बाईने तर थांबून विचारलं, "इथं नंबर लावायचा का?" त्या शहरात आल्यापासून ती पहिल्यांदा मोठ्याने हसली.

इमारतीच्या दारात शेजारच्या खोलीतले काका भेटले. बसचे ड्रायव्हर होते, निवृत्त होऊन बारा वर्षं झालेली. इमारतीत सगळे त्यांना ड्रायव्हरकाकाच म्हणत. एकतीस वर्षं सगळं शहर त्यांच्या बसमधून फिरलं, पण स्वतःची गाडी त्यांनी कधी घेतली नाही. काही न विचारता त्यांनी खुर्ची उचलली, तीन जिने चढले आणि तिच्या दाराबाहेर ठेवली.

"आत ठेवता का, काका?"

"नको. इथंच बरी."

बोलताना ते तिच्याकडे बघत होते. उंबऱ्याच्या आत मात्र त्यांनी एकदाही नजर टाकली नाही.

हळूहळू तिच्या लक्षात यायला लागलं. खालच्या मजल्यावरच्या बायका विचारायच्या, कुठे राहता? तिने सांगितलं की म्हणायच्या, "अच्छा, त्या खोलीत." आणि मग त्यांना एकदम काहीतरी काम आठवायचं. पोस्टमन मास्तरांच्या नावाचं एक पाकीट घेऊन आला, तिला बघून ओशाळला आणि पाकीट तसंच परत घेऊन गेला. भुताखेतांवर तिचा विश्वास नव्हता. काचेवर एका केसाएवढी चूक झाली तरी माणसाचं डोकं दुखतं, एवढंच तिला ठाऊक होतं. अदृश्य गोष्टींचा तिचा अनुभव तेवढाच. तरी त्या उजळ फरश्यांवरून ती चालत नसे. गादी तिने समोरच्या भिंतीला लावली होती. खिडकी उघडायची तर बाजूने जाऊन हात लांब करायची.

आणि मग ते पाय.

कारखाना सातला सुरू व्हायचा, म्हणून ती पाचलाच उठायची. एकदा सकाळी सहाच्या सुमाराला बूट घालायला खाली वाकली, तर दाराखालच्या फटीत दोन सावल्या दिसल्या. बाहेर कुणीतरी उभं होतं. हलत नव्हतं, वाजवत नव्हतं. ती वाकलेली तशीच राहिली. मिनिटभराने सावल्या सरकल्या आणि फट पुन्हा उजळ झाली. तिने दार उघडलं तेव्हा बाहेर कोणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशीही.

भावाला फोनवर ती म्हणाली, "सगळं छान आहे रे. शेजारपाजार चांगला आहे." फोन ठेवल्यावर तिला वाटलं, आपला आवाज या खोलीतला वाटत नाही, लांबून, दुसऱ्या कुणाच्या तरी घरातून आल्यासारखा वाटतो. कामावर तिचं लक्ष त्या फटीतच अडकून राहायला लागलं. एका काचेला चरा गेला. मुकादम म्हणाला, "बाई, अजून तीन महिने तुम्ही कच्च्याच आहात. एवढं लक्षात ठेवा." सव्वीस वर्षांत तिच्या हातून काचेला चरा गेला नव्हता.

पुढच्या सकाळी ती सहाच्या आधीच दाराशी जाऊन उभी राहिली, कडीवर हात ठेवून. सावल्या आल्या. तिने खाडकन दार उघडलं.

ड्रायव्हरकाका होते. अनवाणी. चपला हातात, कान दाराच्या दिशेने कललेला.

"लाज नाही वाटत?" ती ओरडली. "एकटी बाई राहते म्हणून कान लावून उभे राहता? तुमच्या मुलीच्या वयाची नसेन, पण धाकट्या बहिणीच्या तरी आहे ना?"

काका मागे सरकले. चपला खाली टाकायच्या की हातातच ठेवायच्या हे त्यांना कळेना.

"चाहूल घेतो," ते म्हणाले. "तुमची चाहूल लागली की जातो मी. बाकी काही नाही. देवाशपथ."

"कसली चाहूल?"

"जिवंत आहात त्याची."

मग ते जिन्याच्या पायरीवर बसले आणि त्यांनी सांगितलं. मास्तर कुठे गेले नव्हते. या खोलीतच वारले होते, खिडकीजवळ. एकोणीस दिवस कुणाला पत्ता नव्हता. शेवटी मालकीणबाईंनी आपल्या चावीने दार उघडलं होतं.

"मधे एक भिंत. चार बोटांची," काका म्हणाले. "अकरा वर्षं शेजारी होतो आम्ही. जिन्यात भेटलो की नमस्कार. ते म्हणायचे, काय ड्रायव्हर, आज गाडी वेळेवर का? मी म्हणायचो, वेळेवर. बस्स. एकोणीस दिवस तो नमस्कार झाला नाही आणि माझ्या ध्यानात आलं नाही हो. वास यायला लागला तेव्हा मी काय केलं असेल? मालकीणबाईंकडे तक्रार लिहून दिली. गटाराची."

ती दारात उभी होती. राग अजून अंगात होता, पण तो कुणावर काढायचा ते कळत नव्हतं.

"हे बघा," ती शेवटी म्हणाली, "कान लावून उभं राहायचं नाही. छाती धडधडते माझी. सरळ दार वाजवायचं."

"आणि उघडलं नाही तर?"

"तर तोडायचं."

त्या दिवसापासून सहा वाजता दारावर दोन थापा पडायला लागल्या. ती आतून म्हणायची, "आहे." ते म्हणायचे, "बरं." दार उघडायची गरज नव्हती. कधी तिच्या तोंडात दात घासायचा ब्रश असला तर "आहे"चं काहीतरी भलतंच व्हायचं आणि बाहेरून काका विचारायचे, "आहात ना नक्की?"

"तुमची हजेरी कोण घेणार?" एकदा तिने विचारलं.

"ज्यानं दार वाजवलं तो जिवंतच असणार की," काका म्हणाले.

त्यांनीच तिला कारखान्याचा जवळचा रस्ता सांगितला. बस जात नाही असा, छापखान्यामागच्या बोळातून आणि कालव्यावरच्या लोखंडी पुलावरून. चाळीसची तेहतीस मिनिटं झाली. त्यांच्या चष्म्याची काडी मोडली होती, दोऱ्याने बांधलेली. ती तिने कामाच्या सुट्टीत बसवून दिली. पण तिच्या खोलीत ते कधी आले नाहीत. ती बोलवायची आणि ते म्हणायचे, पुढच्या वेळी.

एका रविवारी दोघं जिन्यात बसली होती. दुपार होती, खालून कुणाच्या तरी रेडिओवरच्या बातम्या ऐकू येत होत्या. काका मधेच म्हणाले, "मी तुम्हाला सगळं सांगितलं नव्हतं."

ती त्यांच्याकडे वळली.

"आवाज आला होता मला. काहीतरी पडल्यासारखा. मग भिंतीवर थाप. एक. मग जरा वेळाने अजून एक. माझा रेडिओ चालू होता. मला वाटलं, मास्तर चिडलेत, आवाज कमी करा म्हणतायत." त्यांनी चष्मा काढून हातात धरला. "मी वाढवला."

खाली बातम्या संपल्या आणि कुणीतरी गाऊ लागलं.

"तुम्हाला काय वाटतं?" त्यांनी विचारलं. "मदत मागत असतील का ते?"

तिला म्हणता आलं असतं, तुमची काही चूक नाही. म्हणता आलं असतं, नसेल हो, चिडलेच असतील. शब्द तोंडापर्यंत आले होते. पण नंबर चुकला की चुकला, हे तिने सव्वीस वर्षं गिऱ्हाइकांना सांगितलेलं. तिला खोटं जमेना. ती गुडघ्यांवर हात ठेवून बसून राहिली. जरा वेळाने काका म्हणाले, "बरं." आणि उठून आत गेले.

त्या संध्याकाळी आपल्या खोलीत तिने भिंतीला तळहात लावून बघितला. पलीकडे नळ सुरू झाला, बंद झाला. कप ठेवल्याचा आवाज आला. सगळं ऐकू येत होतं. आपण काहीतरी बोलायला हवं होतं, असं तिला फार वाटलं. उद्या बोलू, असं तिने ठरवलं. दुसऱ्या दिवशी दोन थापा पडल्या, ती "आहे" म्हणाली, आणि तेवढ्यावरच राहिलं. असे पाच महिने गेले. कारखान्यात ती पक्की झाली.

मग ती सकाळ. पावणेसहाला भिंतीपलीकडे नळ वाजला. तिने ऐकलं, वेणी घातली, डबा भरला. सहा वाजले. सहा वाजून पाच मिनिटं. बूट घालून ती दाराशी उभी राहिली. फटीत उजेड होता, मधे काहीच नव्हतं.

विसरले असतील, तिने स्वतःला सांगितलं. मग लक्षात आलं, हेच तर काकांनी एकोणीस दिवस स्वतःला सांगितलं असणार.

ती बाहेर आली आणि तिने त्यांच्या दारावर दोन थापा मारल्या.

"काका?"

दार ढकललं तर उघडलंच. आतून कडी लावलेलीच नव्हती. कधीपासून लावत नव्हते कोण जाणे. काका मोरीपासून दाराकडे येण्याच्या वाटेत पडले होते, एका कुशीवर, झोपल्यासारखे. चष्मा डोळ्यांवरच होता. तिने खांद्याला हात लावला, मानेला लावला, नाडी लागली नाही. अंग कोमट होतं. शेगडीवर पाणी खळखळत होतं. ते तिने बंद केलं, मदतीच्या नंबरावर फोन केला, आणि परत येऊन त्यांच्याशेजारी जमिनीवर बसली. त्यांचा हात हातात घेतला.

"आहे," ती म्हणाली.

दवाखान्याच्या गाडीतून डॉक्टर आला, तिशीतला, डोळे झोपेने तारवटलेले. त्याने तपासलं, उभा राहिला आणि भिंतीला कागद टेकवून लिहायला लागला.

"नातेवाईक?"

"एक पुतण्या आहे, परगावी. कळवते मी. मी शेजारीण."

"शेवटचं कुणी, कधी बघितलं होतं? अंदाजे सांगितलंत तरी चालेल. एकट्या राहणाऱ्यांचं नक्की कुणाला माहीत नसतं."

"पावणेसहाला नळ सोडला त्यांनी. पाच मिनिटं चालू होता. मग पाणी तापत ठेवलं. सहाला माझं दार वाजवायचं होतं, ते वाजवलं नाही. सहा वाजून सात मिनिटांनी मी आत आले. तेव्हा अंग कोमट होतं."

डॉक्टरने लेखणी थांबवून तिच्याकडे बघितलं. मग खाली बघून सगळं लिहून घेतलं, मिनिटांसकट.

तेवढ्यात जिन्यात चपला वाजल्या. कुणीतरी मालकीणबाईंना बोलावलं होतं. शेवटच्या वळणावर त्या थबकल्या, एक हात कठड्यावर. दुसऱ्या हाताने त्यांनी नाकावर रुमाल घट्ट दाबून धरला होता आणि डोळे जवळजवळ मिटलेले होते. तशाच त्या हळूहळू वर आल्या, दारापाशी उभ्या राहिल्या.

खिडकीतून ऊन आलं होतं. ती काकांचा हात धरून जमिनीवर बसली होती.

मालकीणबाईंनी रुमाल जरासा सैल केला. थांबल्या. मग पूर्ण खाली घेतला.