डाव्या बाजूची शिवण

मावशींच्या हातचा कपडा ढगळ असतो, हे सगळ्या डेपोला ठाऊक होतं. बसडेपोच्या मागच्या गल्लीत त्यांचं शिवणाचं दुकान होतं आणि डेपोतल्या कंडक्टरबायांचे गणवेश पंचवीस वर्षं त्यांच्याच मशीनखालून जात होते. दुसरा शिंपी छातीला दोन इंच सैल धरायचा, तिथे मावशी चार धरायच्या. "मावशीच्या शर्टात मी आणि माझी जाऊ, दोघी मावतो," असं कुणी ना कुणी म्हणायचंच. मावशी हसायच्या आणि टाचण्या ओठात धरायच्या. तोंडात टाचण्या असल्या की उत्तर द्यावं लागत नाही.

या ढगळपणामागचं कारण त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. सतरा वर्षांच्या असताना त्या नुकत्याच शिवण शिकल्या आणि पहिला ब्लाउज शिवला तो थोरल्या बहिणीला, अक्काला. निळा, अंगाबरोबर बसणारा. अक्का आरशासमोर गर्रकन फिरली होती आणि म्हणाली होती, "अगं, हे कापड नाही, कातडीच शिवलीस की!" वर्षभराने ती म्हणाली, "डावीकडे काचतंय गं." मावशींनी शिवण उसवून अर्धा इंच सोडून दिला. पुन्हा काचला, पुन्हा सोडला. आत गाठ आहे हे घरात कळलं तेव्हा अक्काला हात वर करून केस विंचरणंही होत नव्हतं. ती गेल्यावर आत्या भर बायकांत म्हणाली, "घट्ट घालायची हौस नडली." मावशींकडे कुणी बघितलंसुद्धा नाही. पण ते वाक्य आत रुतलं ते रुतलंच. त्या दिवसापासून त्यांनी कुणाला अंगाबरोबर कपडा शिवून दिला नाही.

आज सकाळी 'डबलबेल' आपला शर्ट टाकून गेली होती. ही कंडक्टरबाई गेली वीस वर्षं दोनदा घंटी मारून गाड्या सोडत होती आणि घरातही पोरांना "चला, डबल बेल!" म्हणूनच उठवायची, म्हणून ते नाव.

"मावशी, डावीकडे परत काचतंय. त्या मेल्या बॅगेचा पट्टा दिवसभर घासतो. जरा सोड ना."

"सोडते की. संध्याकाळी ने."

मावशींनी मापाची वही काढली. तीन महिन्यांपूर्वीची नोंद: डावी, पाव इंच. मागच्या महिन्यातली: डावी, अर्धा. उजवीकडे काहीच नाही. पान उघडं ठेवून त्या क्षणभर बसून राहिल्या. मग शर्ट उलटा केला आणि ब्लेड शिवणीला लावलं.

आतल्या बाजूला रुपयाएवढा तपकिरी डाग होता. डावा खिसा पेनाचा, तिथे शाईचे डाग नेहमीचेच. पण शाई बाहेरून आत येते. हा डाग आतून बाहेर निघाला होता, आणि धुऊनही पुरता गेला नव्हता.

मावशींनी ब्लेड खाली ठेवलं.

दुपारभर त्यांनी एका पडद्याला तीनदा चुकीची दुमड घातली. काय म्हणायचं? आणि कोणत्या तोंडाने म्हणायचं? त्यांच्या घरात बायकांच्या त्या अवयवाचं नावही कुणी घेत नसे. अक्काच्या आजारालासुद्धा शेवटपर्यंत 'छातीतलं दुखणं' म्हणत. काही नसलं तर बाई हसून गावभर करेल. आणि असलं तर? आपण दोनदा शिवण सोडून दिली होती. दोनदा.

सहाला डबलबेल आली, खांद्यावर बॅग तशीच.

"झाला?"

"नाही. आणि होणारही नाही."

"का? हात मोडला?"

"दार लोट जरा."

दार लोटलं गेलं. मावशींनी शर्ट उलटा करून डागावर बोट ठेवलं. "हे कधीपासून?"

डबलबेलचा चेहरा बघता बघता बदलला. "पट्ट्यानं सोललं असेल."

"पट्टा दोन्हीकडून जातो. काचतं एकीकडेच. हात लावून बघितलंस कधी?"

"अगं मावशी, पहाटे चारला उठते मी. अंघोळ उरकू की अंगाला हात लावून बघत बसू?" मग आवाज खाली आला. "आहे काहीतरी. वाटाण्याएवढं. दुखत नाही, म्हणून गप्प बसले. तू मुकाट्यानं शर्ट सोड, माझी उद्या पहिली गाडी आहे."

"मी हा शर्ट सोडणार नाही. डॉक्टरची चिठ्ठी आण, मग शर्ट ने."

"गणवेश अडवून ठेवणार? डेपोत सांगीन."

"सांग. माझ्या अक्काचा ब्लाउज मी दोनदा सोडून दिला होता. तिसऱ्यांदा सोडायला ती राहिली नाही."

मग डबलबेलने बॅग उतरवून टेबलावर ठेवली. "जाते. पण एकटी नाही. तू पण यायचं आणि तू पण दाखवायचं. जन्मभर दुसऱ्यांना मापं लावलीस, तुला कुणी लावलंय का कधी?"

नव्हतं लावलं. म्हणून मावशींना नाही म्हणता आलं नाही.

इस्पितळात दोघी लाकडी बाकावर बसल्या. डबलबेलने सवयीने रांग मोजली. "अकरा प्रवासी. तुझं तिकीट माझ्यामागचं." पण तिची बोटं पट्टा नसलेल्या खांद्यावरून फिरत होती.

तिला डॉक्टरीणबाईंनी तपासलं, फोटो काढायला पाठवलं, सुईची तपासणी लिहून दिली. मग मावशींची पाळी. बाईंनी विचारलं, "घरात कुणाला होतं?"

पंचेचाळीस वर्षं ओठात धरलेलं सगळं मावशींनी तिथे ओतलं. निळा ब्लाउज, आत्या, सगळं.

बाई ऐकून म्हणाल्या, "घट्ट कपड्यानं वळ उठतात, कातडी सोलते. गाठ होत नाही. बहिणीला तुमच्या ब्लाउजनं काही केलेलं नाही."

हे ऐकायला मावशी जन्मभर थांबल्या होत्या. तरी त्यांच्या तोंडून निघालं ते वेगळंच. "मग मी जी शिवण सोडून दिली? हिची?"

बाईंनी पेन खाली ठेवलं. "सैल केल्यानं गाठ वाढत नाही. पण काचत असलं की बाई लवकर दाखवायला येते."

मावशींच्या तपासणीत काही निघालं नाही. दोन वर्षांनी पुन्हा फोटो काढा, म्हणाल्या.

आठ दिवसांनी डबलबेल दुकानात आली आणि उभ्याउभ्याच म्हणाली, "आहे. गुरुवारी ऑपरेशन. काखेत गेलंय का ते उघडल्यावर कळेल." मग स्टुलावर बसली. "मला काहीतरी शिवून दे. पुढून उघडणारं. हात वर करायला लागू नये असं."

मावशींनी टेप लावला. सवयीने बोट आत घातलं, माप सैल धरायला.

"परत ढगळ? मरायच्या आधीच तंबूत घालतेस का?"

"काखेत सैल लागेल, टाके असतील," मावशी म्हणाल्या आणि बोट काढून घेतलं. "बाकी मापात शिवते."

मऊ सुती कापड घेतलं. आतल्या शिवणी बाहेर काढल्या, टोचू नयेत म्हणून. मापात शिवताना त्यांचा हात दोनदा थांबला, पण त्यांनी शिवलं.

गुरुवार सरला. फोन आला नाही. शुक्रवारी दहा वाजता एक नवी कंडक्टर पोरगी दाराशी आली. "मावशी, बाहीत काचतंय, सोडता का?"

मावशींच्या ओठात चार टाचण्या होत्या. त्या एकेक काढून त्यांनी उशीला टोचल्या. "कुठे काचतंय? दोन्हीकडे की एकीकडे? कधीपासून?"

"मावशी, बाहीच आहे हो! दंड जाड झालाय, भात कमी खाते आता."

"तरी हात लावून बघायचं. महिन्यातून एकदा. ऐकलंस?"

पोरगी लाजून हसली, तेवढ्यात फोन वाजला. मावशींनी तो उचलला, पण कानाला लावायला वेळ लागला.

डबलबेलची जाऊ बोलत होती. "ऑपरेशन नीट झालं. काखेत काही दिसलं नाही म्हणे, पक्का रिपोर्ट आठवड्याने. जागी झाली आहे. तुम्हाला निरोप आहे."

"सांग."

"म्हणते, मावशीला सांग, बटणं एवढी बारीक का लावलीस? एका हातानं लागत नाहीत."

मावशींनी फोन ठेवला. पोरगी विचारत होती, "काय झालं?" पण मावशी खाली वाकून बटणांचा डबा शोधत होत्या. मोठी, चपटी, एका हातानं लागतील अशी पाच हवी होती, आणि सुई-दोऱ्यासकट संध्याकाळच्या भेटीच्या वेळेला इस्पितळात न्यायची होती.