भोजराजसारखा माणूस

आंबागडच्या थांब्यावर सत्यभामा एस.टी.तून उतरली, तेव्हा तिला न्यायला नवरा सायकल धरून उभा होता. निळा सदरा, कानांवरून मफलर, डाव्या अंगठ्यावर विळ्याचा जुना व्रण. त्याने तिच्या हातातली पिशवी घेतली, लहानग्या मालनला उचलून सायकलच्या दांडीवर बसवलं आणि विचारलं, "थकली का वो?"

आवाजही त्याचाच होता. आणि तो ऐकताच सत्यभामा एक पाऊल मागे सरली. हा तो नाही. भाजीत मीठ नाही हे जिभेला कळतं, तसं तिला ते कळलं. त्यात विचार करण्यासारखं काही नव्हतं.

साल एकोणऐंशी. बाळंतपणासाठी ती शहापूरला माहेरी गेली होती. मुलगा झाला, पण रडला नाही. तिचा नवरा भोजराज आला, फडक्यात गुंडाळलेलं लेकरू हातांवर घेऊन सासऱ्याबरोबर गावाबाहेर गेला आणि मोकळ्या हातांनी परतून त्याच पावली तुमसरला निघाला. तिथल्या राइस मिलमध्ये तो कामाला होता. नंतर सत्यभामा भिंतीकडे तोंड करून पडून राही, पण डोळ्याला डोळा लागत नसे. आईला वाटलं, आपल्या घरी गेली म्हणजे सावरेल. म्हणून धान कापून शेतातल्या बांध्या मोकळ्या झाल्यावर तिला एस.टी.त बसवून दिलं.

घरी आल्यापासून सत्यभामा त्या माणसावर नजर ठेवू लागली. तो भोजराजसारखाच खोकत होता. भोजराजसारखाच भात कालवत होता. चूल पेटवता पेटवता ती सहज विचारल्यासारखं विचारी, "मालन झाली तवा सगळ्यात पहिलं कोन आलं होतं पाहाले?"

"तुयी मावशी. बोरं घेऊन आली होती."

बरोबर होतं. आणि तेच भयंकर होतं. भोजराजला कधी काही आठवत नसे. तेल आणायला बाजारात पाठवला तर हात हलवत परत यायचा. हा कुठेच अडखळत नव्हता. कोणीतरी याला सगळं शिकवून पाठवलं होतं.

मग खरा भोजराज कुठे होता?

एका दुपारी तो तिला दिसला. काड्या वेचायला ती किल्ल्याच्या टेकडीकडे गेली होती. पळसाखाली तो पाठमोरा, उकिडवा बसला होता, डोकं गुडघ्यांत घालून. निळा सदरा. तिने हाक मारली. तो हलला नाही. जवळ गेली तर तिथे काळा धोंडा होता. तिने त्यावर हात ठेवला. उन्हाने तापून तो माणसाच्या अंगासारखा कोमट झाला होता. सत्यभामेने हात काढला नाही. किती तरी वेळ ती तशीच बसून राहिली, आणि धोंडा तिच्या हाताखाली श्वास घेत राहिला.

दुसऱ्या दिवसापासून ती पळसाच्या पानावर भात आणि लाखोळीची भाजी त्या धोंड्यापुढे ठेवू लागली. पुन्हा जाई तेव्हा पान चाटूनपुसून स्वच्छ असे. रानात कुत्री आहेत, कावळे आहेत, हे तिच्या मनातही येत नसे. जेवतो आहे, एवढंच तिला पुरे होतं.

सासू धुरपता एकदा तिच्या मागोमाग गेली.

"सत्यभामा, कोनाले वाढून राहिली तू?"

"तुमच्या लेकाले."

"माझा लेक तं अंगनात बसला हाय वो."

सत्यभामेने सासूकडे दयेने पाहिलं. "त्यानं तुमाले बी फसवलं, आत्याबाई."

धुरपता तशीच माघारी वळली. घरी आल्यावर तिने लेकाला सगळं सांगितलं. भोजराजला ते नवं नव्हतं. बायको त्याच्या हातचं पाणी घेत नव्हती, तो जवळून गेला की भिंतीला चिकटत होती. म्हणून त्याने आपलं अंथरूण आधीच गोठ्यात नेलं होतं. आईने शेजारच्या गावचा, बाहेरची बाधा बघणारा पुजारी बोलवायचं काढलं, तेव्हा त्याने होकारार्थी मान हलवली. त्याला दुसरं काय सुचणार?

पुजारी भर दुपारी आला. त्याने सुपात तांदूळ टाकले, बोटाने फिरवले, सत्यभामेला चार गोष्टी विचारल्या. मग ओसरीवर बसलेल्या भोजराजकडे बघत म्हणाला, "बाई खरं बोलते. हे नुसतं रूप हाय. अन् हे एकावर थांबनार नाई. आता लेकरावर नजर हाय त्याची."

भोजराज उठून उभा राहिला. "चाल, नीघ माझ्या घरून!" तो ओरडला. पुजारी सूप तिथेच टाकून निघून गेला. पण बोलायचं ते बोलून झालं होतं.

इतक्या दिवसांत पहिल्यांदा कोणी तिचं खरं मानलं होतं. सत्यभामेला रडू आलं, आणि रडून मोकळं वाटलं. मग ते शेवटचं वाक्य हळूहळू आत उतरत गेलं.

ती मालनकडे पाहू लागली. पोरगी हसताना आधी ओठ हलायचे, की डोळे? पूर्वी ती एवढी मुकाट जेवायची का? अंगणात एकटीच खेळताना ती मधेच थांबे आणि आईकडे बघे. आई तिच्यावर नजर ठेवून असते, म्हणून ती बघत होती. सत्यभामेला मात्र वाटे, हिला कळलं, मला कळलं आहे ते.

गावाबाहेरच्या बोडीवर, त्या लहानशा तळ्यावर, ती धुणं घेऊन गेली, तेव्हा मालन बरोबर होती. ऊन स्वच्छ होतं. पाणी इतकं निवांत होतं की किल्ल्याची टेकडी त्यात उलटी उभी होती. काठावर दुसरं कोणी नव्हतं. मालनचे केस धुवायला सत्यभामेने तिला पाण्यात वाकवलं आणि पाण्यातल्या पोरीने वर पाहिलं. मालनचंच नाक, मालनचीच हनुवटी. आणि मालन नाही.

मग काही क्षण असे गेले, की ते तिला पुढे कधीच नीट आठवले नाहीत. आठवलं ते एवढंच, की एक हात दिसत होता. हिरव्या काचेच्या बांगड्या घातलेला. तो एका लहान मानेवर होता आणि खाली दाबत होता. कोणाचा हात आहे हा, असं तिला वाटलं.

पाण्यात धडपड झाली. डोकं मुरगळून वर आलं.

"माय! पानी नाकात जाऊन राहिलं!"

हात सुटला. सत्यभामा मागे सरकत सरकत काठाच्या गवतावर जाऊन पडली. पोर खोकत होती, ठसकत होती. ती मालन आहे असं अजूनही वाटत नव्हतं. तो विश्वास तसूभरही हलला नव्हता. पण ती कोणीही असो, थंडीने कुडकुडणारं एक लेकरू होतं, आणि त्या हिरव्या बांगड्या सत्यभामेच्या होत्या.

धुणं तिथेच राहिलं. "तू पुढं चाल," ती म्हणाली. "दूरून चाल. मी हाक मारली तरी मांगं येऊ नको." ओल्या फ्रॉकातली पोर पुढे आणि हात छातीशी बांधलेली आई बरीच मागे, अशा दोघी रस्त्यावरच्या आरोग्य उपकेंद्राशी आल्या. तिथल्या नर्स आनंदाबाई दारातच उभ्या होत्या.

"नर्सबाई, हिले आत घ्या. अन् मले बाहेरच राहू द्या."

"काय झालं?"

"मी हिचं मुंडकं पान्यात दाबलं. मले वाटते ही मालन नाई. घरचा बी तो नाई. पन माझा हात मले इचारून नाई राहिला. मले बांधून ठेवा."

आनंदाबाईंनी मालनला आत नेऊन चादरीत गुंडाळलं, शेजारणीकडे सोपवलं आणि बाहेर येऊन सत्यभामेजवळ पायरीवर बसल्या. झोप कधीपासून नाही, जेवण जातं का, कानात कोणी बोलतं का, असं एकेक विचारत गेल्या. त्यांनी समजूत घातली नाही, रागावल्याही नाहीत.

"माझ्याजवळच्या गोळ्यांनी हे बरं होणार नाही," त्या म्हणाल्या. "बाळंतपणानंतर काही बायांना होते असं. त्याचे डॉक्टर असतात नागपूरला."

"पागलखान्यात?"

"लोक म्हणतात तसं. दवाखाना आहे. आजच निघायचं, सत्यभामा. उद्यावर टाकायचं नाही."

निरोप गेला तसा भोजराज धावत आला. तो अंगणातच थबकला. सत्यभामा पायरीवरून उठली. नवऱ्याला तिने जन्मात कधी 'तू' म्हटलं नव्हतं.

"तू कोन हायेस मले नाई मालूम," ती म्हणाली. "माझा नवरा कोठी ठेवला तेही नाई इचारत. पन मले नागपूरले नेशील का?"

त्याचा चेहरा वाकडा झाला. त्याने तो मफलरने पुसला. "नेतो."

"वाटेत हात लावशील नाई?"

"नाई लावत."

मालनला सासूजवळ ठेवून ते निघाले. नर्सबाईही बरोबर होत्या. एस.टी.त सत्यभामा त्यांच्या शेजारी खिडकीशी बसली आणि तो मागच्या बाकावर. साऱ्या वाटेवर तिला पाठीमागे त्याचा श्वास ऐकू येत होता. तंतोतंत भोजराजचा श्वास.

डॉक्टर मध्यम वयाचे होते. त्यांनी आधी भोजराजशी बोलून घेतलं, मग तिला आत बोलावलं.

"बाहेर बसलेले तुमचे पती नाहीत, असं तुम्ही म्हणता."

"नाईत."

"मग त्यांच्याबरोबर एवढ्या दूर आलात. भीती नाही वाटली?"

"वाटली," सत्यभामा म्हणाली. "पन मले माझीच जास्त वाटून राहिली होती."

डॉक्टरांनी लिहिणं थांबवून तिच्याकडे पाहिलं. "वेळेवर आलात," ते म्हणाले.

तिला ठेवून घेतलं. गोळ्यांनी आधी झोप आली. विहिरीत दगड पडावा तशी. भोजराज येई आणि तिच्यापासून अंतर राखून बाकावर बसे. तिचा भोजराज एकदम परत आला नाही, थोडा थोडा आला. आधी हात भोजराजचे झाले. मग चाल. चेहरा कितीतरी दिवस परका होता; ओळखीच्या हातांवर अनोळखी चेहरा बघणं तिला सर्वांत कठीण गेलं. ते तिने डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी औषध थोडं बदललं. मग एका दुपारी त्याच्याकडे बघता बघता तिच्या तोंडून निघून गेलं, "तुमी जेवले का?"

भोजराज उठला आणि आवारातल्या कडुनिंबामागे जाऊन उभा राहिला. बराच वेळ तो इकडे वळला नाही.

घरी परतल्यावर सगळं सरळ झालं असं नाही. तिला पाहून गावात बाया बोलायच्या थांबत. मालन कितीतरी दिवस आईला केसांना हात लावू देत नसे; सत्यभामेने हट्ट केला नाही, धुरपताच नातीची वेणी घाली. एकदा सत्यभामेने नवऱ्याला विचारलं, लेकरू कोठी ठेवलं होतं? त्याने तिला शहापूरला नेऊन बाभळीखालची जागा दाखवली. "मले तुयाकडं पाहनं होत नोतं," तो म्हणाला. "म्हनून पळालो कामावर." दोघं तिथे बसून रडली.

पुढे काही वर्षांनी तिला मुलगा झाला. तो खणखणीत रडला. यावेळी आनंदाबाई आधीपासून येऊन बघून जात होत्या, आणि पुन्हा झोप उडाली किंवा ओळखीचं काही परकं वाटलं तर थांबायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावून ठेवलं होतं. थोड्याच दिवसांत, सकाळच्या उन्हात धुरपता बाळाला तेल लावत होती. सत्यभामा जवळ बसून बघत होती. तेलाने चमकणारे सासूचे हात बाळाच्या पाठीवरून फिरत होते आणि अचानक ते हात सासूचे वाटेनात. बाकी धुरपता धुरपताच होती. फक्त मनगटापासून पुढे कोणी दुसरंच होतं.

सत्यभामेने डोळे मिटले, उघडले. हात तसेच होते.

"आत्याबाई," ती उठत म्हणाली, "मले दवाखान्यात जाचं हाय."

"आता? शेक बाकी हाय तुया."

"आताच."

धुरपताने तिच्याकडे नीट पाहिलं आणि लेकाला हाक मारली. भोजराज कपडे बदलायला धावला. म्हातारीने बाळाला मालनच्या मांडीवर दिलं, घाईघाईने भाकरी बांधल्या आणि डबा पुढे केला. सत्यभामेने तो घेतला. देणाऱ्या हातांकडे मात्र तिने पाहिलं नाही.