रायबाच्या फियाटचा वायपर

वायपर अडकला म्हणजे माणूस आंधळा झाला, हे कोणत्या शास्त्रात लिहिलंय ते रायबाला कळत नव्हतं. पण पोरगं पुण्यात कंपनीत लागलं की त्याला सगळीच शास्त्रं येतात. गेल्या आठवड्यात वेल्ह्याहून गावी पासलीला परतताना भर पावसात रायबाची जुनी फियाट वळणावरच्या दगडी बांधाला घासली. एक हेडलाईट फुटला, एवढंच. शेजारी बसलेल्या बायकोला, सारजाबाईला, साधं खरचटलंसुद्धा नाही. तरी पोरानं, इंद्रजितनं, फोनवरच निकाल देऊन टाकला.

"आबा, तुमच्या डोळ्यांत मोतीबिंदू झालाय. मी रविवारी येतो आणि चावी घेऊन जातो."

"वायपर मधीच थांबला म्हणून झालं त्ये. माझ्या डोळ्याला काय धाड भरलीय?"

"मग वायपर चालू करून दाखवा."

"दाखवतो की. पावसातच दाखवतो. तू बस शेजारी."

बोलायला बोलून गेला, पण त्या रात्री रायबाला झोप लागली नाही. चाळीस वर्षं ही गाडी त्याच्या हाताखाली होती. पासलीतल्या निम्म्या बाळंतिणी याच गाडीतून दवाखान्यात गेल्या. चावी गेली की आपण ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला वेळ विचारणारा म्हातारा होणार, हे त्याला दिसत होतं आणि त्या विचारानंच त्याचं पित्त खवळत होतं.

रविवारी सकाळीच तो पान्हे घेऊन शेडमध्ये शिरला. गाडी बिघडली की त्याची रीत एकच. अंदाजानं काही बदलायचं नाही. एकेक पार्ट सुटा करून तपासायचा, निर्दोष निघाला की सोडून द्यायचा. शेवटी जो उरेल तोच चोर.

फ्यूज बघितला, ठणठणीत. वायपरच्या दांड्या सोडवून नुसती मोटार चालू केली, तर गरागरा फिरली. म्हणजे मोटारही निर्दोष सुटली. मग वायपर ज्यांवर फिरतात ते काचेखालचे दोन्ही खुंट त्यानं हातानं फिरवून पाहिले. डावीकडचा दोन बोटांनी फिरला. आपल्या बाजूचा मात्र जागचा हलेना.

"घावला!" रायबा मोठ्यानं म्हणाला.

त्यानं नट काढून वायपरचा हात उपसला. खुंटाभोवती काळपट दोऱ्याचे वेढेच्या वेढे आवळून बसले होते. चिमट्यानं ओढता ओढता शेवटी झेंडूची एक वाळकी पाकळी बाहेर आली.

"सारजे, हिकडं ये जरा."

सारजाबाई पदराला हात पुसत आली आणि बघतच राहिली. दर दसऱ्याला गाडीची पूजा तीच करायची आणि झेंडूचा हार वायपरलाच बांधायची. तिचा चेहरा पार उतरला.

"अवं, म्हंजी माज्या पूजेनं गाडी आदळली व्हय?"

रायबाच्या तोंडाशी आलेली शिवी तिथंच विरली. चाळीस दसऱ्यांना या बाईनं गाडीसाठी आणि गाडीतल्या माणसासाठी सुख मागितलं होतं. त्याला तिची फार माया आली.

"तुज्या पूजेनं न्हाई. हार वाळला की म्या हिसका मारून तोडायचो, उरल्याला दोरा आत जायचा. सोडवायला दोन मिंटं लागली असती, पण मला घाई."

काचेवर पाणी मारायचं बटण दाबलं, तर तेही कोरडं. बाटली भरलेली होती. नळी उपटून पुन्हा दाबलं, तर पाणी भसकन पायावर पडलं. म्हणजे चोर पुढच्या बारीक भोकात. तिथं हळदी-कुंकू दगडासारखं थापून बसलं होतं. सारजाबाई न सांगता स्टोची पिन घेऊन आली. भोक मोकळं झालं आणि पहिलीच पिचकारी काचेवरून उडून तिच्या तोंडावर आली. दोघंही पोट धरून हसली.

इंद्रजित आला तेव्हा पावसानं जोर धरला होता. रायबा ऐटीत गाडीत बसला. इंद्रजित शेजारी, सारजाबाई मागं. वायपर खटाखट पाणी लोटत होते, काच लखलखीत होती. बांधाचं वळण गाडीनं सफाईनं घेतलं. इंद्रजितचा कडक चेहरा सैल पडत चालला.

"आबा, ती पुढची पिवळी पाटी वाचा बरं."

"पुढे धोक्याचे वळण आहे, वाहने सावकाश चालवा," रायबानं ठणकावून सांगितलं.

"मानलं तुम्हाला! वायपरच होता. चावी तुमचीच, मी परत विषय काढणार नाही."

मागून सारजाबाईनं हुश्श केलं. रायबानं मिशीवरून हात फिरवला आणि गाडी तशीच पुढं काढली.

पाटीवरचं अक्षर मात्र त्याला एकही दिसलं नव्हतं. दिसला होता नुसता पिवळा डाग. पाटी त्याला वीस वर्षं पाठ होती. त्यानं बटण दाबून काच पुन्हा धुतली. वायपर फिरले, काच आरशासारखी झाली, आणि पलीकडचा रस्ता तसाच दुधाळ राहिला. फ्यूज निर्दोष, मोटार निर्दोष, खुंट मोकळा, काच साफ. रायबानं आयुष्यात कधी तपास अर्धवट सोडला नव्हता.

त्यानं गाडी कडेला घेतली, बंद केली आणि चावी काढून मागं सारजाबाईच्या हातात दिली.

"काय झालं, आबा?" इंद्रजित दचकला. "वायपर तर नीट चाललाय."

"नीटच हाये. पर एक पार्ट तपासायचा ऱ्हायलाय." रायबानं आपल्या डोळ्याखाली बोट टेकवलं. "पाटी म्या वाचली न्हाई, पाठ म्हणली. उद्या डॉक्टरकडं घेऊन चल. ह्योबी खोलून साफ करून घिऊ."

इंद्रजित उतरला आणि भिजत पलीकडच्या दाराशी आला. सारजाबाईनं चावी त्याच्या हातात ठेवली, पण लगेच सोडली नाही.

"घरापातूर चालव, मग माज्याकडं दे. द्येव्हाऱ्यात ठिवते," ती म्हणाली. मग नवऱ्याकडं वळली. "दसऱ्याच्या आत डोळं करून घ्या. पूजा झाली की चावी तुमच्याच हातात द्यायची हाये मला."

"देशील," रायबा शेजारच्या सीटवर सरकत म्हणाला. "फकस्त हार तेवढा बंपरला बांध."